नाताळला चांद्याकडे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीत, घरी येताय?

ऑफिसातल्या गडचिरोलीच्या मुलीनं विचारलं, "दादा, नाताळला घरी कशी जाऊ? तिकीटच मिळत नाही." रेल्वे हा माझा आवडता विषय, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

🚆 दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गावर चंद्रपूर आणि बल्लारशाह ही दोन स्टेशनं आहेत. एकावर तिकीट नसेल तर दुसरं तपासा.

🚆 चांदा फोर्ट हे चंद्रपुरातलंच, पण वेगळं स्टेशन. ते गोंदिया मार्गावर आहे. याच मार्गावरचं वडसा आरमोरी-गडचिरोलीकरांना सोयीचं. तिथून गडचिरोली रस्त्यानं साधारण ५० किमी.

🚌 चंद्रपूरहून गडचिरोली सुमारे ८० किमी. मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगा ओलांडली की आपला जिल्हा!

📅 नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २४ डिसेंबरचं तिकीट २५ ऑक्टोबरला. तारीख लिहून ठेवा.

⛪ नाताळच्या प्रार्थनेला जायचं असेल, तर बल्लारशाह स्टेशन ज्या गावात आहे त्या बल्लारपुरात सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. १९७७ साली धर्मप्रांताचा दर्जा मिळालेल्या सीरो-मलबार चांदा धर्मप्रांताचं ते मुख्य चर्च.

जंगलपट्ट्यात रात्री कडाक्याची थंडी असते, स्वेटर हाताशीच ठेवा.

तुमचं गाव कोणतं? कमेंटमध्ये लिहा, जवळचं स्टेशन नक्की सांगतो.