एडीस्टनचा दीपस्तंभ आणि त्याचा जमाखर्च

इंग्लंडच्या प्लिमथ बंदरापासून सुमारे २० किलोमीटर दूर, भर समुद्रात एडीस्टनचे खडक आहेत. भरतीला ते जवळजवळ बुडून जातात. मालाने भरलेली किती जहाजे येथे फुटली, याची गणती नाही.

हेन्री विन्स्टन्ली हा व्यवसायाने खोदचित्रकार. गाठीच्या पैशातून त्याने पाच जहाजांत भांडवल गुंतविले. त्यांपैकी दोन एडीस्टनवर बुडाली. नुकसान सोसून गप्प बसण्याऐवजी त्याने त्याच खडकावर दिवा लावण्याचे मनावर घेतले. १६९६ मध्ये काम सुरू झाले. इंग्लंड-फ्रान्स युद्ध चालू असल्याने फ्रेंचांनी त्याला खडकावरूनच धरून नेले; परंतु हा दिवा सर्वांच्याच उपयोगाचा, हे जाणून चौदाव्या लुईने त्याला सन्मानाने परत पाठविले. १४ नोव्हेंबर १६९८ रोजी दीप उजळला.

जहाजांवर टनामागे एक पेनी कर होता. पाच वर्षांत खर्च झाला सुमारे ७,८१४ पौंड आणि वसुली ४,७२१ पौंड. वहीच्या हिशेबाने हा व्यवहार बुडीतच म्हणावा लागेल! मात्र त्या पाच वर्षांत तेथे एकही जहाज फुटले नाही, ही जमा कोणत्या खात्यावर लिहायची?

नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात दीपस्तंभ वाहून गेला. दुरुस्तीसाठी आलेला विन्स्टन्ली त्या रात्री आतच होता.

पुढे कॅप्टन लोव्हेट याने ९९ वर्षांच्या पट्ट्याने हा खडक घेतला आणि काम सोपविले जॉन रडयर्ड या रेशीम व्यापाऱ्याकडे. त्याचा लाकडी मनोरा ४७ वर्षे टिकला. १७५५ मध्ये तो जळाला. आग विझविताना ९४ वर्षांच्या हेन्री हॉल या रखवालदाराच्या पोटात छताचे वितळलेले शिसे गेले. त्याचे म्हणणे कोणी खरे मानले नाही. बारा दिवसांनी तो वारला, तेव्हा पोटात शिशाचा गोळा सापडला.

जॉन स्मीटनने १७५९ मध्ये एकमेकांत खाचा बसविलेल्या ग्रॅनाइटच्या चिऱ्यांचा मनोरा बांधला. त्यात चोवीस मेणबत्त्या जळत. हा मनोरा ढळला नाही; त्याखालचा खडकच लाटांनी पोखरला गेला. १८८२ मध्ये शेजारच्या खडकावर नवा दीपस्तंभ उभा राहिला. जुना मनोरा मोडीत न काढता प्लिमथच्या नागरिकांनी वर्गणी जमवून त्याचा वरचा भाग किनाऱ्यावर पुन्हा उभारला. बुंधा मात्र खडकाला असा जखडला होता की तो तिथेच राहिला. आजही तो नव्या दीपस्तंभाशेजारी दिसतो.