रिंगरोड येतोय, सातबारावर आपलं नाव आहे का?

हल्ली आमच्या गटांच्या बैठकीत बचतीच्या हिशोबाआधी रिंगरोडचाच विषय निघतो. म्हणून आज तोच नीट समजून घेऊ.

रिंगरोड म्हणजे शहराभोवती कडं घालावं तसा रस्ता. मुंबई, नाशिक, सोलापूर, सातारा या बाजूंनी येणाऱ्या ज्या गाड्यांचं पुण्यात काम नाही, त्यांनी शहरात न शिरता बाहेरून निघून जावं, हा त्याचा हेतू. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा हा रस्ता मावळ, मुळशी, भोर, पुरंदर, हवेली, खेड या तालुक्यांतून आखलेला आहे. रुंदी ११० मीटर. म्हणजे एखाद्या शेतातून तो नुसता १०० मीटर गेला, तरी अडीच एकरांहून जास्त जमीन जाते.

हा आपल्या एसटीच्या रस्त्यासारखा नाही. त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येतं. शेत एका बाजूला आणि विहीर दुसऱ्या बाजूला राहिली, तर वळसा पडतो. म्हणून भुयारी मार्ग कुठे आहे, बाजूचा रस्ता कुठून जातो, हे नकाशा बघून ग्रामसभेतच विचारायचं.

मोजणीच्या दिवशी घरातल्या बाईनेही शेतात हजर राहावं. झाडं, विहीर, पाइपलाइन, गोठा, घर, सगळं कागदावर चढलं का ते बघावं. आंब्याची झाडं किती, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असतं?

आता मुख्य गोष्ट. मोबदला कागदावरच्या मालकाला मिळतो. आमच्या एका गटातल्या ताईंनी भाऊबीजेला साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. पुढे जमीन रस्त्यात गेली, पैसे आले, पण कागदावर ताईंचं नाव उरलं नव्हतं. भावाचा दोष काढत बसण्यापेक्षा, कागद वाचून घेतला नाही याचंच त्यांना जास्त वाईट वाटतं.

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल झाला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या या बदलामुळे मोडत नाहीत.

हक्क सोडायचा की नाही, हे जिचं तिने ठरवावं. माहेर तुटू नये असं सगळ्यांनाच वाटतं. पण सही करण्याआधी कागद वाचून घ्या, विचाराला चार दिवस मागा. तालुक्याच्या विधी सेवा समितीत महिलांना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो.

येत्या बैठकीला पासबुकाबरोबर सातबारा आणि फेरफारही आणा. आपण मिळून वाचू.