घाट, गाडी आणि घरचा मीटर

विजेवर चालणारी मोटारगाडी तुम्ही एव्हाना रस्त्यावर पाहिली असेलच. हिरवी नंबरपाटी दिसली की ती विजेची, एवढे ओळखावे. परंतु अशी गाडी विकत घ्यायची झाली तर नेमके काय पाहायचे, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो वर्गात नव्हे, तर आमच्या घराच्या ओटीवर.

आमच्या किन्हवलीत शेजारी तात्या राहतात. शहापूर तालुक्यातली त्यांची थोडी जमीन समृद्धी महामार्गात गेली. तिचे पैसे बरीच वर्षे बँकेत होते. त्यांचा मुलगा रोज कल्याणला नोकरीस जातो. त्याने महिंद्रा कंपनीची ‘बीई ६’ ही विजेची गाडी घ्यायचे मनात धरले. किमतीचे पत्रक हातात घेऊन तात्या आले आणि म्हणाले, “सर, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? यात लहान बॅटरी, मोठी बॅटरी, हा चार्जर, तो चार्जर, काय काय लिहिलंय. पोरगा म्हणतो, घ्यायची तर सगळ्यांत वरची घेऊ. जमीन एकदाच गेली, पैसा एकदाच आला. चुकलो तर पुन्हा कुठून आणू?”

पत्रक मी ठेवून घेतले. ही गाडी पुण्याजवळ चाकणला तयार होते. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी ती जाहीर झाली तेव्हा तिचे नाव ‘बीई ६ई’ होते. पण ‘६ई’ ही खूण एक विमान कंपनी आधीपासून वापरत होती, तिने हरकत घेतली, आणि शेवटचा ‘ई’ गळाला. गंमत अशी की, आपला कसाऱ्याचा घाट चढून गेले की इगतपुरीला याच कंपनीचा इंजिने बनवणारा कारखाना आहे, आणि हिच्यात तर इंजिनच नाही! सुरुवातीला तिच्या किमती १८ लाख ९० हजारांपासून २६ लाख ९० हजारांपर्यंत होत्या, म्हणजे खालच्या आणि वरच्या प्रकारांत आठ लाखांचे अंतर. चार्जरचे पैसे त्याहून वेगळे.

पत्रकात दोन आकडे जवळजवळ होते आणि तात्यांच्या मुलाने त्यांची गल्लत केली होती. बॅटरी ५९ किंवा ७९ किलोवॅट-तासांची. चार्जर ७.२ किंवा ११.२ किलोवॅटचा. तुमच्यापैकीही पुष्कळ जण परीक्षेत हीच चूक करतात, बरे का! किलोवॅट-तास हे ऊर्जेचे एकक. वीजबिलात ज्याला ‘युनिट’ म्हणतात तेच हे. किलोवॅट हे शक्तीचे एकक, म्हणजे ऊर्जा किती वेगाने येते किंवा जाते त्याचे माप. भातसा धरणात पाणी किती साठले आहे ही एक गोष्ट, आणि त्यातून मुंबईच्या वाटेला दर सेकंदाला किती सुटते ही दुसरी. बॅटरी हे धरण आणि चार्जर ही मोरी.

आता हे धरण केवढे? एक लिटर डिझेल जाळले तर सुमारे १० युनिट ऊर्जा मिळते. म्हणजे ७९ युनिटांची ही भलीमोठी बॅटरी जेमतेम आठ लिटर डिझेलाच्या तोडीची! मग एवढ्याशा ऊर्जेवर गाडी शेकडो किलोमीटर कशी जाते? कारण डिझेल इंजिन मिळालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश कामी लावते, बाकीची धुराड्यावाटे आणि रेडिएटरमधून हवेत जाते. विजेची मोटार मात्र दहा भागांपैकी नऊ भाग चाकांपर्यंत पोचवते. विजेच्या गाडीचा सारा हिशेब या एका फरकावर उभा आहे.

कागदावरचे गणित एवढ्यावर थांबवून आम्ही गाडी चालवून पाहायचे ठरवले. विक्रेत्याचा माणूस मोठ्या बॅटरीची गाडी घेऊन आला. गावातल्या गावात एक फेरी मारू, असे त्याचे म्हणणे होते. मी म्हटले, आम्हांला माळशेज घाट चढून परत यायचे आहे. तो तयार झाला, आणि सरळगाव, टोकावडे करीत आम्ही निघालो. तात्यांचा मुलगा चालवत होता, मी शेजारी, तात्या मागे.

पहिली जाणवलेली गोष्ट म्हणजे शांतता. रस्त्यात झोपलेले कुत्रे गाडी अगदी जवळ येईपर्यंत उठले नाही. दुसरी गोष्ट, थांबलेल्या गाडीची पहिली उडी. डिझेल इंजिनाला पुरा जोर दाखवायला आधी काही फेरे घ्यावे लागतात. म्हणून तर गिअर बदलत बसायचे. विजेच्या मोटारीत चुंबकीय क्षेत्र आणि विद्युतधारा यांच्यामुळे फिरवण्याचा जोर निर्माण होतो, आणि मोटार स्थिर असतानाच तो पुरेपूर मिळतो. या गाडीत तो ३८० न्यूटन-मीटर आहे. मुलाने एकदा पाय जरा जोरात दाबला तेव्हा माझे डोके मागे टेकले. न्यूटनचा पहिला नियम मी वीस वर्षे शिकवतो आहे, पण त्या दिवशी तो मानेला शिकायला मिळाला. तिसरी गोष्ट वळणांवर कळली. बॅटरी तळाशी पसरलेली असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणून एवढी उंच गाडी वळणावर फारशी कलत नाही.

घाट सुरू झाला तसे मी खिशातून कागद काढला. गाडी, माणसे, सामान मिळून अडीच टन, म्हणजे २५०० किलोग्रॅम धरू. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढ ६०० मीटर धरू. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. गुणाकार करा पाहू! एक कोटी ४७ लक्ष ज्यूल. आकडा ऐकून तात्या मागून “बाप रे!” म्हणाले. पण एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल. भागून पाहिले तर फक्त चार युनिटे आणि वर थोडी. सबंध माळशेज चढायला लागणारी जास्तीची ऊर्जा एवढीच. ७९ काय किंवा ५९ काय, यातून चार वजा झाले तर बिघडत नाही. घाटासाठी मोठी बॅटरी हवी हा मुलाचा मुद्दा माथ्यावर पोचण्याआधीच निकालात निघाला.

उतरताना तर त्याहून मजा. पाय उचलला की मोटार जनित्र होते. चाके तिला फिरवतात, ती वीज तयार करून बॅटरीत परत भरते, आणि त्या कामात गाडीचा वेग आवरला जातो. साध्या ब्रेकमध्ये हीच ऊर्जा घासून उष्णता होऊन वाया जाते. वर चढताना खर्चलेली सगळी काही परत येत नाही. थोडी वाऱ्याशी, थोडी टायरांच्या घर्षणात आणि थोडी उलटसुलट रूपांतरात जातेच. तरी तिच्यातला बराचसा भाग हाती लागतो. ही युक्ती नवी मात्र समजू नका. १९३० च्या सुमारास कसाऱ्याच्या घाटात विजेवर आगगाड्या धावू लागल्या, तेव्हा ‘खेकडा’ नावाने ओळखली जाणारी स्वित्झर्लंडच्या बनावटीची इंजिने उतारावर अशीच वीज तारेत परत देत असत. आसनगाव, खर्डी, कसाऱ्याच्या आजोबा मंडळींना ती चांगली आठवत असतील.

या उतरणीत एक धडाही मिळाला. मुलाने पुनर्भरणाची पातळी सर्वांत वर ठेवली होती आणि तो प्रत्येक वळणावर पाय झटकन उचलत होता. प्रत्येक वेळी गाडीला हिसका. तात्यांना मळमळू लागले. पातळी खाली आणली, पाय हळूहळू उचलायला सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा ताळ्यावर आला. टोकावड्याला चहा घेताना ते म्हणाले, “गाडी चांगली आहे, पोरगाच धडधड्या आहे.”

किन्हवलीत परत आलो तेव्हा गाडीतल्या पडद्यावर सरासरी खर्च १०० किलोमीटरला सुमारे १६ युनिटे असा होता. आता ताडून पाहा. सरकारमान्य चाचणीत ७९ युनिटांच्या गाडीचा पल्ला ६८२ किलोमीटर भरला आहे. आमच्या खर्चाने भागले तर तो ५०० च्या आतबाहेर येतो, आणि लहान बॅटरीचा ३७० च्या आसपास. चाचणी खोटी नव्हे. ती ठरावीक वेगांच्या चक्रावर घेतात, आणि आपला रस्ता, वातानुकूलन, भरधाव मुलगा हे तिला ठाऊक नसतात. त्यातून वेग हा मोठा खादाड. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० ने गेलात तर वेग दीडपट, पण हवेचा विरोध सव्वादोन पट! समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. तिथे जायचे तर हा सव्वादोनाचा आकडा पाठ असू द्यावा.

बॅटरीच्या आत काय असते, तेही थोडे सांगतो. हिच्यात लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे घट आहेत. या पदार्थाचा बॅटरीसाठी उपयोग दाखवणारा मूळ निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पुढे २०१९ चे नोबेल मिळवणारे जॉन गुडइनफ होते, तसेच पाढी आणि नंजुंडस्वामी हे संशोधकही होते. सर्वांत पहिले नाव पाढींचे, हे लक्षात ठेवा. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे घट तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही, आणि आगीचा धोका कमी राहतो. वजनाच्या मानाने ऊर्जा थोडी कमी मावते, पण आपल्याकडच्या वैशाख वणव्यात हा सौदा मला पटतो. लहान-मोठ्या दोन्ही बॅटऱ्या याच जातीच्या आहेत, तेव्हा इथे निवडीचा प्रश्न येत नाही.

वरच्या प्रकारात सोळा ध्वनिक्षेपक आहेत आणि समोरच्या काचेवर माहिती उमटवण्याची सोय आहे. ज्याला हवी त्याने घ्यावी. मला तात्यांच्या घराची भिंत पाहायची होती.

त्या भिंतीवर मीटर होता. त्याच्या पाटीवर ‘५-३०’ आणि पुढे अँपिअरची खूण. मी मुलाला विचारले, ७.२ किलोवॅटच्या चार्जरला किती धारा लागेल? ७२०० भागिले २३०, उत्तर ३१ अँपिअर. आणि मीटर ३० चा! शिवाय फ्रिज, पंखे, पाण्याची मोटार आहेतच. ११.२ चा चार्जर तर तीन फेजांवर चालतो, प्रत्येकीतून सुमारे १६ अँपिअर घेऊन. घराला आहे एकच फेज. मुलगा म्हणाला, “शेतावर पंपाची थ्री-फेज आहे की.” पण शेतपंपाची जोडणी सवलतीच्या दराची आणि शेतीपुरती असते, तिच्यावर मोटारगाडी भरता येत नाही. तात्यांनीच त्याला गप्प केले.

आणखी एक गोष्ट वायरमनला बोलावून दाखवली. तारेत होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा मीटरपासून गोठ्याच्या बाजूच्या शेडपर्यंत तारेचा रोध ०.२ ओहम आहे. १६ अँपिअर धारा गेली तर तारेत ५१ वॅट उष्णता होते. ३२ गेली तर २०५ वॅट! धारा दुप्पट, उष्णता चौपट, आणि तीही रात्रभर, सगळे झोपलेले असताना. जुन्या घरातली बारीक तार आणि सैल स्क्रू अशा वेळी काय करतात, हे वायरमनने त्याच्या पिशवीतला एक जळका प्लग काढून दाखवले.

मग रोजची गरज किती? कल्याणला जाऊन-येऊन १०० किलोमीटर धरू. लागली १६ युनिटे, भरताना होणारी गळती धरून १८. चांगल्या तारेने जोडलेल्या १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला तीन युनिटे सहज मिळतात. सहा तासांत काम झाले! रात्री दहाला लावली तर पहाटे चारला मोकळी. पावसाळ्यात फांदी तारेवर पडून वीज दोन दिवस गेली, तरी भरलेली लहान बॅटरी मुलाला तीन दिवस कल्याणला नेऊन आणील. महिन्यातून दोनदा नागपूरला जाणारा माणूस असता, तर मी मोठी बॅटरी घ्यायला सांगितले असते. तात्यांच्या घरातून नागपूरला कोणीच जात नाही.

विक्रेत्याला आम्ही एकच विचारले, साध्या प्लगला लावायची केबल या गाडीला मिळेल का, आणि ते लेखी द्या. लहान बॅटरीची मागणी नोंदवली. घराचा मंजूर भार वाढवून मागणारा अर्ज त्याच दिवशी केला; तो मंजूर झाला की मग ७.२ चा चार्जर. उरलेल्या पैशांतून जाड तांब्याची तार, वेगळा मेन स्विच आणि नवे अर्थिंग. आमचा मुरूम उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. तेव्हा खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ खणला आहे. त्यात कोळसा आणि मीठ घालताना तात्या स्वतः उभे होते. गाडी अजून यायची आहे.