गाडीतच हवेचा पंप बसवताना

आज बोलणार आहोत गाडीच्या चाकातल्या हवेबद्दल, आणि ती भरणारा पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, गाडीतच कायमचा कसा बसवायचा त्याबद्दल. हा बायकांचा विषय नाही असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. गाडीचा हप्ता गट भरतो, आतला माल गटाचा असतो, आणि चाक बसलं तर वडखळच्या पुढे रस्त्याच्या कडेला ताटकळायचं तेही आपल्यालाच.

आपल्या बोलण्यात कॅम्पर म्हणजे पुढे माणसांसाठी दोन ओळी आणि मागे हौदा असलेली बोलेरो. परदेशात त्याच नावाने झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी ओळखतात, म्हणून मोबाईलवर माहिती शोधताना गोंधळ होतो. आपल्या कॅम्परमध्ये चारही चाकांना जोर देणारा फोर बाय फोर प्रकारही येतो. रोह्याकडच्या डोंगरवाड्यांच्या चढावर पावसाळ्यात त्याचा उपयोग कळतो.

आता हवा कशासाठी? पेण, हमरापूर, जोहे, कळवे इथून गणपती निघतात तेव्हा गाडी पहाटे भरली जाते. तेव्हा एक सल्ला हमखास ऐकू येतो, की चाकातली हवा थोडी कमी करा, मूर्तीला हादरे कमी बसतील. हादरे थोडे कमी होतात हे खरं. पण ओझं असताना हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकून वाकून आतून तापते, आणि महामार्गाच्या वेगात फाटते. शाडूच्या मूर्तींचं वजन तर प्लास्टरच्या मूर्तींपेक्षा पुष्कळ जास्त. हादऱ्यावर उपाय पेंढा आणि सावकाश चालवणं हा आहे, हवा काढणं हा नाही.

हवा मोजायची ती थंड टायरची. गाडी तीन-चार तास उभी असेल तेव्हाचा आकडा खरा. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, तो पाहून हवा सोडायची नाही. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात असतं, बहुतेक गाड्यांच्या दाराजवळच्या पट्टीवरही असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, मागच्या चाकांचे तर खूपच. पहाटे चारला हे करायचं तर हवेचं दुकान बंद, आणि उघड्या पेट्रोलपंपापर्यंत जाताना टायर तापणार. पंप गाडीतच असावा याचं खरं कारण हे आहे.

एसटी थांब्यावर उभी राहते तेव्हा होणारा ‘फुस्स’ आवाज तुम्ही रोज ऐकता. एसटीला आणि मोठ्या ट्रकला इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर असतोच, कारण त्यांचे ब्रेक हवेवर चालतात. आपल्या कॅम्परचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात, म्हणून तिच्यात तसा कॉम्प्रेसर नसतो. तो आपण बॅटरीवर चालणारा, बारा व्होल्टचा घ्यायचा.

सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचा छोटा पंप बाजारात मिळतो. दुचाकी-मोटारीला तो चालतो, पण भरलेल्या पिकअपच्या चाकाला धापा टाकतो. त्या भोकाचा फ्यूज साधारण दहा ते वीस अँपिअरचा असतो. जोरदार पंपाला तीस अँपिअर आणि त्याहून जास्त करंट लागतो. तीस गुणिले बारा म्हणजे तीनशे साठ वॅट. एवढा करंट बारीक वायरीतून ओढला तर वायर तापते, आणि गाडीला आग लागते ती अशी. म्हणून आम्ही सांगतो, पैसे वाचवायचे तर पंपात वाचवा, वायरीत वाचवू नका.

वायर थेट बॅटरीपासून आणायची, चांगल्या तांब्याची, तीस अँपिअरच्या पंपाला दहा चौरस मिलिमीटरची. फ्यूज चाळीसचा, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात. फ्यूज पंपाजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी राहते. ती कुठे घासून पत्र्याला टेकली तर फ्यूज उडणारच नाही. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबराची चकती हवीच. डॅशबोर्डवरच्या बटणातून सगळा करंट नेत नाहीत, बटण फक्त रिलेला इशारा देतं आणि मोठा भार रिले वाहतो. रिलेचा इशारा चावी फिरवल्यावरच मिळावा असं कारागिराला सांगा, म्हणजे मुलांनी बटण दाबून बॅटरी उतरायची नाही. काम सुरू करताना बॅटरीचं ऋण टोक आधी काढायचं, आणि शेवटी तेच लावायचं. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून मगच वायरीला हात लावा.

जागा कुठली? इंजिनजवळ उष्णता, गाडीखाली चिखल आणि पाणी. आपल्याकडचा पाऊस आणि खाडीकाठची खारी हवा पाहता मागच्या सीटखाली किंवा हौद्यातल्या बंद पण वारा लागणाऱ्या पेटीत ठेवलेला बरा. बोल्टखाली रबरी पॅड घाला, नाहीतर सगळी गाडी थरथरते. पंप हवा ओढतो ते तोंड कोरड्या, स्वच्छ जागी हवं. कारखान्याच्या अंगणात प्लास्टरची आणि खडूची धूळ उडते, ती फिल्टर भरून टाकते. पंपातून निघणारी हवा चांगलीच गरम असते, म्हणून पहिला हातभर पाइप तारेच्या जाळीचा लागतो, साधं रबर तिथे टिकत नाही.

हवेची टाकी लावायची की नाही हा प्रश्न येतो. फक्त टायरसाठी टाकीची गरज नाही. लावलीच तर ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होणारा स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळाला पाणी सोडायचा कॉक, या तिन्ही गोष्टी हव्यात. आपल्या दमट हवेत टाकीत पाणी साचतं आणि ती आतून गंजते. गंजलेली टाकी दाबाखाली फुटते, म्हणून जुनी टाकी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

गटातल्या ताई हटकून विचारतात, याच पंपावर मूर्ती रंगवायची स्प्रे-गन चालेल का? नाही. रंगकामाला हवा सलग आणि भरपूर लागते. कारखान्यातला कॉम्प्रेसर विजेच्या मोटरवर, मोठ्या टाकीचा असतो. गाडीच्या पंपावर तीस टक्के असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ दहा मिनिटांत तीन मिनिटं चालवायचा, सात मिनिटं थंड होऊ द्यायचा.

पहिल्यांदा चालवताना सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तिथे गळती. हवा भरताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन चालू, नाहीतर बॅटरी उतरते. इंजिन चालू असल्यामुळे हे काम बंद शेडमध्ये करायचं नाही, धुराने जीव जातो. हवेचा झोत अंगावर, डोळ्यांवर, मुलांवर गमतीनेही मारायचा नाही.

पंपाबरोबर एक दाब मोजायचं गेज, ट्यूबलेस टायर असतील तर पंक्चरच्या दोऱ्या आणि टोचा, आणि चाळीसचे दोन जादा फ्यूज एका डब्यात ठेवा. फ्यूज उडाला तर आधी कारण शोधायचं, मगच नवा घालायचा. पुन्हा उडाला तर जाड तार गुंडाळून काम भागवायचं नाही, पंपाची वायर काढून ठेवायची आणि गाडी कारागिराकडे न्यायची. डबा ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा, मूर्तींच्या मागे नको. भरलेल्या गाडीत तो हाताला लागत नाही.