खुले मैदान की गुंफलेली वाट? व्हिडिओ गेमच्या रचनेचा वाद आणि तंजावरचे मंदिर

तंजावर (तमिळनाडू) : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात डोंगर जवळजवळ नाहीत. भाताची खाचरे, नारळीच्या रांगा, मधूनच एखादा कालवा आणि या सपाटीवर दुरूनच नजरेत भरणारे बृहदीश्वर मंदिराचे शिखर. पहिल्या राजराज चोळाने 1010 साली पूर्ण केलेल्या या मंदिराचे विमान सुमारे 200 फूट उंच आहे. वाट चुकलेल्या नवख्याला त्या शिखरावरून दिशा सापडते. आवारात पाऊल ठेवले की मात्र अनुभव पालटतो. प्रथम पाच मजल्यांचे केरळांतक गोपुर लागते, काही अंतरावर त्याहून ठेंगणे राजराज गोपुर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे प्रचंड द्वारपाल. ते दार ओलांडले की विस्तीर्ण प्राकार, समोर नंदी आणि त्यामागे पायथ्यापासून कळसापर्यंत उभे असलेले विमान. दुरून जे सहज दिसत होते, त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी ठरलेल्या दारांतून ठरलेल्या क्रमाने जावे लागते.

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात दीर्घकाळ चाललेल्या एका वादाचे दोन्ही पक्ष या मंदिरात एकत्र नांदताना दिसतात. मारधाड आणि साहस यांवर आधारलेल्या खेळांचे जग कसे असावे, हा तो वाद. एक पक्ष ‘ओपन वर्ल्ड’चा, म्हणजे खुल्या जगाचा. खेळाडूला विस्तीर्ण प्रदेश द्यावा आणि कोठे जायचे ते त्याने ठरवावे, असे हा पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते जग आटोपशीर असावे. त्याचे जिने, दारे, भुयारे आणि गच्च्या एकमेकांत अशा गुंफलेल्या असाव्यात की फिरताफिरता ती जागा पाठ व्हावी. या दुसऱ्या प्रकाराला ‘लेव्हल डिझाइन’मधील परस्परसंलग्न रचना म्हटले जाते.

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने दोन्ही प्रकारचे नावाजलेले खेळ तयार केले आणि दोहोंच्या दिग्दर्शनात हिदेताका मियाझाकी यांचा प्रमुख वाटा होता. त्यामुळे तुलनेसाठी याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण.

त्यांपैकी ‘डार्क सोल्स’ हा खेळ 2011 सालचा. त्यात ‘फायरलिंक श्राइन’ नावाचे एक भग्न देवस्थान आहे. तेथे शेकोटी आहे आणि थोडा विसावा मिळतो. तेथून खेळाडू पडक्या वस्तीतून वर चढत जातो. गल्ल्या अरुंद, शत्रू दाराआड दबा धरून बसलेले, आणि मरण आले की शेवटच्या शेकोटीपासून पुन्हा सुरुवात. कित्येक तासांच्या या झटापटीनंतर तो एका मोठ्या प्रार्थनास्थळापाशी येतो. तेथे एक पाळणा आहे. खेळाडू त्यात उभा राहतो, पाळणा खाली जाऊ लागतो, आणि दार उघडते ते थेट त्याच जुन्या देवस्थानात. आपण फार दूर आलो, असे वाटत असताना आपण केवळ उंचावर आलो होतो, हे त्या क्षणी लक्षात येते. कोणीही नकाशा दाखविलेला नसतो. खेळाच्या त्या भागात नकाशाच नाही. तो खेळाडूच्या डोक्यात तयार होतो.

या रचनेची किल्ली आतून कडी असलेल्या दारात आहे. वाड्याचा मागचा दरवाजा बाहेरून ढकलून उघडत नाही. कोणीतरी पुढच्या दाराने आत जाऊन कडी काढावी लागते. ‘डार्क सोल्स’मधील अनेक दारे अशीच आहेत. लांबचा, धोक्याचा वळसा घालून खेळाडू दाराच्या पलीकडच्या बाजूला पोचला की कडी निघते आणि पुढच्या वेळी तोच प्रवास मिनिटभराचा होतो. बक्षीस म्हणून मिळते ती जवळची वाट, आणि तलवार किंवा नाण्यांपेक्षा तिचे मोल खेळाडूला अधिक वाटते. एका शेकोटीपासून दुसरीकडे क्षणात जाण्याची सोय खेळाच्या जवळजवळ मध्यापर्यंत दिलेली नाही. ती मिळाल्यानंतर जगाची वीण सैल होते. उत्तरार्धातील काही भाग फिके आहेत ही जाणकारांची तक्रार जुनी आहे आणि ती रास्तही आहे.

‘एल्डन रिंग’ 2022 साली आला, आणि त्यात फ्रॉमसॉफ्टवेअरने खेळाडूला घोडा दिला. विस्तीर्ण पठारे, दलदली, कडे, आणि या साऱ्यांवर दूरदूरवरून दिसणारा एक सोनेरी महावृक्ष. त्या वृक्षाचे काम तंजावरच्या शिखरासारखेच: कोठेही भटका, मान वर केली की दिशा कळते. या खेळाच्या 3 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याच्या यशाचे एक कारण उघड आहे. एखादा शत्रू डोईजड झाला तर खेळाडू घोडा वळवून दुसरीकडे जातो, बळ कमावतो आणि सवडीने परततो. अरुंद गल्लीत ही मुभा नसते. तेथे जे समोर आहे त्याच्याशीच लढावे लागते.

मात्र याच सवलतीची किंमत लढाईला मोजावी लागते. गल्लीत शत्रू कोणत्या कोपऱ्यातून येईल, खेळाडूच्या पाठीशी भिंत असेल की कडा, छत किती उंच असेल, हे रचनाकाराला आधीच ठाऊक असते आणि प्रत्येक झुंज तो त्या जागेनुसार बेततो. मैदानात यातले काहीच हाती राहत नाही. शिवाय मैदान मोठे असले की ते भरावे लागते. ‘एल्डन रिंग’मधील लहान भुयारी थडगी आणि त्यांतील शत्रू पुन्हा पुन्हा तेच येतात, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे. या खेळातील सर्वांत संस्मरणीय जागा म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते स्टॉर्मव्हेल किल्ला आणि लेंडेल ही राजधानी हे दोन्ही भाग जुन्याच पद्धतीचे आहेत. तट, जिने, आतून उघडणारी दारे. मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैदान उघडले खरे, पण त्यात गड बांधायला ते विसरले नाहीत.

खुले जग म्हणजे मोकाट जग, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. तंजावरहून उत्तरेला तेरा-एक किलोमीटरवर तिरुवैयारू आहे. संत त्यागराजांचे हे गाव. नावाचा अर्थ पाच नद्यांचे पवित्र स्थान. नकाशावर हा प्रदेश तळहातासारखा सपाट दिसतो. प्रत्यक्षात वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि कावेरी आडव्या येतात आणि पूल जेथे असेल तेथूनच जाता येते. सपाटीला वाट लावून देणारे खरे रचनाकार म्हणजे हे प्रवाह. चांगल्या खुल्या खेळांत कडे, नद्या आणि पूल हेच काम गुपचूप करतात. निन्टेंडोच्या ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या (2017) चमूने आपल्या जगातील अंतरे ठरविण्यासाठी क्योटो शहराचा नकाशा मोजपट्टी म्हणून वापरला, आणि टेकड्या मुद्दाम त्रिकोणी आकाराच्या घडविल्या. त्रिकोणी टेकडी आपल्यामागे काहीतरी झाकते आणि चढणाऱ्याला वरून जायचे की वळसा घालायचा, हा प्रश्न घालते. त्या मोकळेपणामागे इतका हिशेब आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला याच कलेची उलटी बाजू परिचयाची आहे. मंदिर आपले शिखर दाखवते, तर गड आपले दार लपवतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा वळवून बांधला आहे की जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारी तर शत्रूला वळणांत गोंधळवण्यासाठीच कोरलेली आहे. कोण कोठून येईल, त्याला काय दिसेल, तो कोठे अडखळेल, याचा विचार तेथे दगडात झाला. शत्रूच्या जागी खेळाडू घातला की त्या कारागिरांचे काम आणि आजच्या रचनाकाराचे काम यांत तत्त्वाचा फरक फारसा उरत नाही.

भारतीय वास्तू खेळांत येऊ लागल्याने हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ 2020 साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा या चमूचा प्रयत्न फसला होता. अशा चमूने मैदानाचा मोह टाळला. ‘राजी’ची वाट एकच आहे, कॅमेरा खेळाडूच्या हाती नाही, आणि राजस्थानी किल्ल्यांवरून बेतलेले चौक, सज्जे व खांब त्याला ठरविलेल्या कोनातूनच दिसतात. त्यामुळे प्रत्येक चौकट चित्रासारखी सजवता आली. जागा पाठ व्हावी, असे मात्र त्यात फारसे घडत नाही. मागे वळण्याचे कारणच मिळत नाही. एकरेषीय रचना आणि गुंफलेली रचना यांतील फरक येथे स्पष्ट होतो. दोन्ही आटोपशीर असल्या तरी पहिलीत माणूस जागेतून जातो आणि दुसरीत तो तिच्यात राहतो.

पश्चिम घाट आणि होयसळांचे हळेबिडू यांवर आधारलेला ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (2017) हा अमेरिकी खेळ याहून वेगळा प्रयोग करतो. त्याचा एक संपूर्ण अध्याय जीपमधून हवे तसे फिरण्यासाठी मोकळा ठेवला आहे. बाकी प्रवास एकरेषीय. दुसऱ्या टोकाला ‘सिव्हिलायझेशन सेव्हन’सारखा डावपेचांचा खेळ. त्यात बृहदीश्वर मंदिर आहे, पण नकाशावरील एक आश्चर्य म्हणून. त्याच्या गोपुरातून कोणालाही आत जाता येत नाही.

आटोपशीर खेळ म्हणजे स्वस्त खेळ, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. ते टिकत नाही. अमेरिकेतील एका न्यायालयीन प्रकरणात 2023 साली उघड झालेल्या कागदपत्रांनुसार सोनीच्या ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या खुल्या जगाच्या खेळाचा खर्च सुमारे 21.2 कोटी डॉलर होता, तर ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या मुख्यतः एकरेषीय खेळाचा सुमारे 22 कोटी डॉलर. भारतीय चमूंच्या दृष्टीने फरक वेगळ्या ठिकाणी आहे. लहान मैदान अर्धवट राहिले की ओसाड वाटते. लहान वाडा पूर्ण बांधला तर लहान वाटत नाही. एका मंदिराचे आवार, त्याच्या ओवऱ्या, तटावरचा चालण्याचा मार्ग, कुलूपबंद दालने आणि त्यांना जोडणारे जिने एवढ्यातच एक खेळ उभा राहू शकतो. शे-दीडशे चौरस किलोमीटरचा चोळमंडळ उभारून त्यात तीच दहा देवळे पुन्हा पुन्हा मांडण्यापेक्षा हा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो.

बृहदीश्वराच्या आवारात त्यासाठी लागणारे सारे आहे. गर्भगृहाभोवती भिंतीच्या पोटात दोन मजली प्रदक्षिणामार्ग आहे. त्याच्या खालच्या मजल्यावरील चोळकालीन चित्रे नंतरच्या रंगकामाखाली दडली होती. ती 1931 मध्ये उजेडात आली. वरच्या मजल्यावर भरतनाट्याच्या 108 करणांपैकी 81 कोरली आहेत आणि उरलेल्या 27 शिळा कोऱ्याच राहिल्या आहेत. हा मार्ग सर्वसामान्य भाविकांसाठी खुला नसतो. प्राकाराच्या नैर्ऋत्येला भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत, ओळीमागून ओळ. दर्शन घेऊन आल्या वाटेने थेट परतणाऱ्याला तो दिसत नाही. त्यासाठी विमानाच्या मागच्या अंगाला वळावे लागते.