फाइल इथे, शिक्का तिथे!

आपल्या प्रत्येक पेशीत रात्रंदिवस एक कुरिअर सर्व्हिस चालू असते. ती चालते कशी हे शोधायला जेम्स रॉथमन यांनी आधी पेशीच फोडून टाकल्या!

बोटॉक्सचं नाव तुम्ही ऐकलेलं असणारच. कपाळावरच्या आठ्या घालवायला सिनेमावाले, आणि हल्ली आपल्या ऑफिसातलेही काहीजण (कुणी कबूल करत नाही, पण कळतं), घेतात ते इंजेक्शन. आणि गुडघा फुटला की आई हाताला धरून डॉक्टरकडे न्यायची, ते धनुर्वाताचं इंजेक्शनही आठवत असेल. आता गंमत बघा. बोटॉक्समधलं विष आणि धनुर्वाताचं विष, दोन्ही पेशीतल्या एकाच यंत्रणेवर घाव घालतात. कात्रीने दोरा कापावा तसे तिचे भाग कापतात. बोटॉक्स कापतं मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यापाशी, म्हणून स्नायू सैल पडतो आणि आठी जाते. धनुर्वाताचं विष कापतं मज्जारज्जूत, स्नायूंना ‘बस झालं’ असं सांगणाऱ्या पेशींमध्ये. मग स्नायूंना आवरायला कुणी उरत नाही आणि अंग धनुष्यासारखं वाकतं. कात्री सारखीच, परिणाम उलटे.

ही यंत्रणा शोधून काढणाऱ्या माणसाला २०१३चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. जेम्स रॉथमन, अमेरिकेतले बायोकेमिस्ट. सोबत आणखी दोघे होते, रँडी शेकमन आणि थॉमस सुडहॉफ. पण आजची स्टोरी रॉथमन यांची, कारण त्यांचा हट्ट जरा जास्तच भारी आहे.

फिजिक्सवाला पोरगा

जन्म १९५०चा, मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरहिल गावातला. वडील लहान मुलांचे डॉक्टर. पोराला मात्र फिजिक्सचं वेड. येलमधून १९७१ मध्ये फिजिक्समध्येच पदवी घेतली. पण थिऑरेटिकल फिजिक्स करून पुढे पोट कसं भरणार, ही काळजी वडिलांना होतीच. (आई-वडील सगळीकडे सारखेच!) एखादा बायॉलॉजीचा कोर्स करून तर बघ, असं त्यांनी सुचवलं. पोराने केला आणि तो त्यातच अडकला. पुढे हार्वर्ड मेडिकल स्कूलला गेला, पण डॉक्टर न होता १९७६ मध्ये पीएच.डी. घेऊन बाहेर पडला. मग एमआयटी, आणि १९७८ मध्ये स्टॅनफर्डच्या बायोकेमिस्ट्री विभागात नोकरी.

डोक्यात प्रश्न एकच. पेशीत प्रथिनं तयार होतात एका ठिकाणी आणि लागतात भलत्याच ठिकाणी. ती पोचतात कशी? जॉर्ज पॅलाड यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा रस्ता शोधला होता आणि १९७४ मध्ये नोबेलही मिळवलं होतं. प्रथिनं एका कप्प्यातून दुसऱ्यात इवल्याशा फुग्यांतून जातात, हे त्यांच्या कामातून दिसलं. या फुग्यांना म्हणतात व्हेसिकल. पण ती चित्रं होती थिजलेली, फोटोसारखी. फुगा आपला पत्ता कसा शोधतो आणि आतला माल उतरवतो कसा, हे फोटोत कुठून दिसणार?

मुंबईकरांना इथे डबेवाले आठवतीलच, आणि उपमा तशी चुकीची नाही. डब्यावर खूण असते, त्या खुणेवरून डबा बरोबर टेबलावर पोचतो. फक्त पेशीतला डबा दारात ठेवून परत फिरत नाही. तो भिंतीला चिकटतो, स्वतःच भिंतीचा भाग होतो आणि त्यातला माल पलीकडे सांडतो. इन्सुलिन रक्तात येतं ते असंच. एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तेही असंच, आणि तिथे काम सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात उरकतं. फुग्याची आणि भिंतीची पटलं मेदाची असतात, त्यांच्या पृष्ठभागाला पाणी चिकटलेलं असतं, त्यामुळे ती सहजासहजी जवळ येत नाहीत. त्यांना कुणीतरी जबरदस्तीने एकत्र ओढावं लागतं. हा ‘कुणीतरी’ कोण?

पाच वर्षं नुसतीच निराशा

रॉथमन यांनी ठरवलं, पेशी फोडायच्या, आतला माल टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचा आणि तिथे ही वाहतूक पुन्हा सुरू करून दाखवायची. विचार करा, दादर स्टेशन पाडायचं, मलबा एका मैदानात ओतायचा आणि लोकल वेळेवर धावेल अशी आशा धरायची! बहुतेकांच्या मते पेशीची आतली रचना मोडली की वाहतूकही संपली. पण स्टॅनफर्डचा तो विभाग होता आर्थर कॉर्नबर्ग यांचा. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम त्यांनी पेशीबाहेर, टेस्ट ट्यूबमध्येच चालवून दाखवलं होतं. त्या वातावरणात असला वेडेपणा खपून गेला.

सुरुवातीची पाच वर्षं अपयशातच गेली, असं रॉथमन यांनी नंतर सांगितलं. त्या काळात सरकारी अनुदान मात्र चालू राहिलं. आपल्याकडे क्वार्टरला टार्गेट हुकलं की बॉस केबिनमध्ये बोलावतो. पाच वर्षं म्हणजे वीस क्वार्टर!

जी युक्ती शेवटी चालली, ती ऐकून मला तरी ऑफिसच आठवलं. समजा ‘अ’ ऑफिसात फाइल आहे, पण शिक्का मारणारा माणूस नाही. ‘ब’ ऑफिसात शिक्केवाला आहे, पण फाइल नाही. दोन्ही ऑफिसं शेजारी ठेवली आणि थोड्या वेळाने फाइलवर शिक्का दिसला, तर? मधे कुणीतरी फाइल नेली, हे उघड आहे. रॉथमन यांच्या प्रयोगात फाइल म्हणजे एका विषाणूचं प्रथिन आणि शिक्का म्हणजे किरणोत्सर्गी साखर. एका हॅम्स्टर-पेशीत विषाणू घातला, पण तिच्यात ती साखर जोडणारं एन्झाइमच नव्हतं. दुसरी पेशी धडधाकट, पण विषाणू नाही. दोन्हींमधले गॉल्जी नावाचे कप्पे काढले, एका नळीत ठेवले, पेशीचा रस आणि ऊर्जा दिली. शिक्का पडला! १९८४ पर्यंत ही पद्धत पक्की झाली होती.

आधी सापडला सोडवणारा

मग सुरू झाला खरा शोध. एका रसायनाने ही वाहतूक बंद पडते असं लक्षात आलं. मग पेशीच्या ताज्या रसातला कुठला भाग घातला की ती पुन्हा सुरू होते, ते शोधायचं. १९८८ मध्ये ते प्रथिन शुद्ध स्वरूपात हाती आलं, एनएसएफ. पुढच्याच वर्षी कळलं की यीस्टमध्ये शेकमन यांनी वेगळ्याच वाटेने, म्हणजे वाहतूक तुंबलेले यीस्ट शोधून, गाठलेलं एक जीन याच प्रथिनाचं आहे. हॅम्स्टर आणि यीस्ट, दोघांकडे एकच पार्ट! दोन स्पर्धक लॅब एकाच जागी येऊन थडकल्या, म्हणजे रस्ता बरोबर होता.

१९९३ मध्ये, तेव्हा न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमध्ये असलेल्या रॉथमन यांच्या टीमने एनएसएफ आणि त्याच्या जोडीदार प्रथिनांचा गळ करून तो गाईच्या मेंदूच्या अर्कात टाकला. गळाला लागली तीन प्रथिनं. तिन्ही आधीच माहीत होती, फक्त त्यांचं काम काय ते पक्कं कळत नव्हतं. त्यातलं एक फुग्यावर बसतं, बाकीची दोन भिंतीवर. इथेच ट्यूब पेटली. फुग्यावरचं आणि भिंतीवरची एकमेकांत जॅकेटच्या चेनसारखी अडकतात आणि दोन्ही पटलांना एकत्र ओढतात. जोडी जुळली तरच चेन लागते, म्हणजे पत्ताही तीच तपासते. या प्रथिनांना नाव पडलं स्नेअर. धनुर्वाताचं आणि बोटॉक्सचं विष कापतं ती हीच.

यातला ट्विस्ट पुढे कळला. एनएसएफ हेच पटलं जोडत असावं, असा आधी समज होता. प्रत्यक्षात त्याचं काम उलटं, लागलेली चेन उघडायचं, म्हणजे ती पुन्हा वापरता येते. म्हणजे गाठ मारणाऱ्याचा पत्ता लागला तो गाठ सोडवणाऱ्याकडून! १९९८ मध्ये रॉथमन यांच्या लॅबने कृत्रिम फुग्यांवर नुसती स्नेअर प्रथिनं बसवली आणि ते फुगे एकमेकांत मिसळले. पेशीच्या मानाने फारच हळू, पण मिसळले.

सगळंच रॉथमन यांच्या मनासारखं झालं, असंही नाही. गॉल्जीचे कप्पे जागच्या जागी राहतात आणि माल फुग्यांतून पुढे सरकतो, हे त्यांचं जुनं मत. २००६ मध्ये दोन गटांनी यीस्टच्या जिवंत पेशींत चित्रण करून दाखवलं की कप्पा स्वतःच बदलत पुढच्या टप्प्याचा होतो. त्यातल्या एका गटाचे प्रमुख होते बेंजामिन ग्लिक, रॉथमन यांचेच जुने विद्यार्थी आणि एनएसएफच्या शोधनिबंधात त्यांच्यासोबत नाव असलेले. सस्तन प्राण्यांच्या पेशींत नेमकं काय होतं, यावर वाद पुढेही चालूच राहिला.

२००८ मध्ये रॉथमन येलला परतले, पॅलाड यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या पेशीशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून. ७ ऑक्टोबर २०१३ला पहाटे स्टॉकहोमहून फोन आला. त्या दिवशी पत्रकारांशी बोलताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. ज्या कामासाठी हे नोबेल मिळालं, त्याच कामाचं अनुदान थोड्याच काळापूर्वी बंद झालं होतं. आता ते पुन्हा अर्ज करणार होते.