छत्तीस तरुण आणि भुकेचं मन
(लेखमाला ‘ताट आणि मन’ : लेखांक ५)

1944 साली अमेरिकेत, युद्धावर जायला नकार देणाऱ्या तरुणांच्या छावण्यांमध्ये एक पत्रक फिरलं. त्यावर रिकाम्या वाडग्यांकडे बघणारी तीन चिमुरडी होती आणि सोबत प्रश्न होता : यांना नीट जेवू घालता यावं म्हणून तुम्ही उपाशी राहाल का? युरोपात दुष्काळ पडला होता. युद्ध संपल्यावर उपासमारीने खंगलेल्या लाखो लोकांना काय, किती आणि कसं खायला घालायचं, याचा शास्त्रीय हिशोब कुणाकडेच नव्हता. मिनेसोटा विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीझ यांना तो मांडायचा होता. उपासमारीच्या प्रयोगासाठी त्यांनी शरीराने धडधाकट आणि मनाने खंबीर असे 36 जण निवडले.

त्या प्रयोगाचा या लेखमालेशी काय संबंध? त्या छत्तीस जणांपैकी कुणालाही अॅनोरेक्सिया (स्वतःला उपाशी ठेवत जाणं) किंवा बुलिमिया (अधाशी खाण्याचे झटके) असा खाण्याचा आजार नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

विद्यापीठाच्या स्टेडियममधल्या प्रेक्षकसज्जांच्या खाली कीझ यांची प्रयोगशाळा होती. पहिले बारा आठवडे सगळ्यांना भरपेट जेवण मिळालं. पुढचे चोवीस आठवडे त्यांना जेमतेम निम्म्या आहारावर ठेवलं. ब्रेड, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी असं युद्धकाळातल्या युरोपात मिळे तसलं अन्न, तेही दिवसातून दोनदाच. शिवाय आठवड्याला सुमारे 35 किलोमीटर चालायचं. (त्या आहाराचे नेमके आकडे इथे मुद्दाम देत नाही. खाण्याच्या आजारात असा आकडा एखाद्याला इशारा न वाटता उद्दिष्ट वाटू शकतो.) दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा शिधा फळ्यावर लागायचा. वजन ठरल्याप्रमाणे उतरलं नसेल, तर ब्रेडचे तुकडे कमी व्हायचे.

वजन सरासरी पाव हिश्शाने घटलं. नाडी मंदावली, पायांवर सूज आली, उन्हाळ्यातही हुडहुडी भरू लागली. एवढं डॉक्टरांना अपेक्षितच होतं. चक्रावून टाकलं ते मनातल्या उलथापालथीने. जगाच्या घडामोडींवर तावातावाने बोलणारी ही मुलं आता फक्त खाण्यावर बोलू लागली. पाककृतींची पुस्तकं कादंबरीसारखी वाचू लागली; एकाने तर जवळजवळ शंभर जमवली. कुणी ताटातल्या चार घासांत पाणी ओतून, ते कालवून तासभर पुरवून खाई. कुणी ताटली चाटून पुसून ठेवी. च्युइंगम आणि कॉफी इतकी वाढली की त्यावरही बंधन घालावं लागलं. चिडचीड, उदासी, माणसांत नकोसं होणं सुरू झालं. काहींनी चोरून खाल्लं आणि मग त्या अपराधाने ते कोलमडले.

खाण्याच्या आजाराशी झगडणाऱ्या मुलीच्या आईला ही यादी दाखवली, तर ती म्हणेल, हे तर आमच्याच घरचं वर्णन आहे. घरादारासाठी केक करायचा आणि स्वतः तोंडात घालायचा नाही. अर्धी पोळी चाळीस मिनिटं कुरतडत बसायचं. मैत्रिणी तोडून टाकायच्या. घरचे या सगळ्याला हट्ट म्हणतात, स्वभाव म्हणतात, नाटकं म्हणतात. यातला मोठा भाग निव्वळ उपासमारीचा असतो, हे मिनेसोटाने दाखवून दिलं. ‘आधी मन ताळ्यावर येऊ दे, मग आपोआप खाईल,’ असं म्हणत महिनेच्या महिने वाट पाहणारी घरं म्हणूनच फसतात. उपाशी मेंदूशी समुपदेशकाने कितीही बोलावं, ते फारसं आत पोचत नाही. उपचार अन्नापासूनच सुरू करावे लागतात.

या छत्तीसांमध्ये हेन्री शोलबर्गही होते, मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतात जन्मलेले. पुढे त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातलं दक्षिण आशियाविषयक ग्रंथालय सांभाळलं. गोवा आणि पोर्तुगीज भारतावरची त्यांची ग्रंथसूची गोव्याच्या अभ्यासकांना ओळखीची आहे. ती उघडणाऱ्याला सूचीकाराच्या उपाशी दिवसांची कल्पना सहसा नसते.

प्रयोगाचा शेवटचा टप्पा होता पुन्हा खायला घालण्याचा, आणि कीझ यांच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच होता. त्यांनी गट पाडले. कुणाला थोडं जास्त अन्न, कुणाला बरंच जास्त. शिवाय काहींना वरून प्रथिनं, काहींना जीवनसत्त्वं. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी आणि प्रथिनांच्या भुकटीने जवळपास काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो एकूण अन्नाच्या मापाने. सर्वांत कमी वाढ मिळालेला गट इतका जागच्या जागी राहिला की मध्येच सगळ्यांचाच आहार वाढवावा लागला. खंगलेल्या तरुणाला शरीर पुन्हा उभारायला दिवसाला साधारण 4000 कॅलरी लागतात, असा कीझ यांचा निष्कर्ष निघाला. ‘मुलगी फारसं खात नाही, निदान टॉनिक तरी देऊ’ ही आपली सवय त्यापुढे टिकत नाही.

बंधनं उठल्यावर काही जण दिवसभर खात राहिले, तरी भूक भागेना. पोट तुडुंब भरलेलं आणि मन मात्र ‘अजून’ म्हणतंय. अंगावर आधी चरबी परतली, स्नायू मागाहून आले. पुढे वजन हळूहळू मूळ जागी स्थिरावलं. सुधारत असलेल्या रुग्णांना सर्वांत जास्त धडकी भरते ती इथेच. पोट सुटलंय, फुगलंय, आता हे थांबणारच नाही, असं वाटतं. उपासमारीने जठराची हालचालही मंदावलेली असते, म्हणून दोन घासांतच पोट गच्च होतं. अशा वेळी जेवण बंद करणं हा त्यावरचा इलाज नाही. नेमाने खाल्लं की जठर पुन्हा कामाला लागतं.

मात्र ‘खायला घाला’ याचा अर्थ आज एकदम पंचपक्वान्नांचं ताट वाढा, असा नाही. फार खंगलेल्या शरीरात अचानक पिष्टमय अन्न गेलं की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींच्या आत ओढलं जातं. रक्तातली पातळी कोसळते, हृदयाची लय बिघडते, जीवही जाऊ शकतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं. एप्रिल 1945 मध्ये बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त झाली, तेव्हा ब्रिटिशांनी तिथे दुधाची भुकटी, पीठ आणि साखर घातलेलं मिश्रण नेलं. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेल्या या मिश्रणाचं नावही ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’ असंच होतं. पूर्व युरोपातल्या त्या बिचाऱ्यांना ते इतकं गोडमिट्ट लागलं की अनेकांना घशाखाली उतरेना. अन्न पोटात जायचं, तर ते माणसाच्या जिभेला ओळखीचं असावं लागतं.

रीफीडिंग सिंड्रोमच्या धास्तीने पुढे कित्येक वर्षं रुग्णालयांत अगदी थोड्या आहाराने सुरुवात करून मुंगीच्या पावलाने वाढवायची पद्धत राहिली. कॅलिफोर्नियातल्या दोन रुग्णालयांनी ती तपासून पाहिली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, चढ्या आहाराने सुरुवात केलेल्या किशोरवयीन आणि तरुण रुग्णांची नाडी, रक्तदाब वगैरे सरासरी तीन दिवस आधी स्थिरावले. रक्तातले क्षार घसरण्याचं प्रमाण वाढलं नाही. अर्थात रोज रक्त तपासलं जात होतं आणि डॉक्टर उशाशी होते. वजन झपाट्याने उतरलेल्या, चक्कर येणाऱ्या, कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसावर हा प्रयोग घरी करायचा नसतो. आधी ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या, गरजेप्रमाणे थायमिन हे जीवनसत्त्व, आणि मग ताट.

बुलिमियात वजन बहुधा ठीकठाक दिसतं, म्हणून तिथे अन्नाचा प्रश्नच नाही असं वाटतं. ऑक्सफर्डचे मनोविकारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या उपचारपद्धतीत मात्र सुरुवातीचंच मोठं काम आहे नेमाने खाण्याचं : तीन जेवणं, मधली दोन-तीन खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. दिवसभर कडक राहून रात्री डबे पालथे घालणाऱ्याला दुपारी चारच्या उपम्याचं महत्त्व पटत नाही. ‘तेवढीच भर’ असं वाटतं. रात्रीच्या अधाशी खाण्याची तयारी दुपारच्या उपाशीपणातच होत असते.

मराठी घरात हे बसवायला फार काही लागत नाही. सकाळी पोहे, दुपारी वरणभात-तूप, भाजी, पोळी, चारला लाडू किंवा थालीपीठ, रात्रीचं जेवण आणि झोपताना दूध. अडतं ते दुसऱ्याच गोष्टींपाशी. एकादशी, चतुर्थी, नवरात्र आलं की उपास हे बिनतक्रार निमित्त मिळतं, आणि आजी उलट कौतुकच करते. बरं होईपर्यंत उपास नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितलेलं बरं. आणि पाहुण्यांचं ‘बारीक झालीस गं’ किंवा ‘आता तब्येत सुधारली हो’ यातलं काहीही त्या ताटाशेजारी नको.

घरच्यांनी किती पुढे व्हायचं, याबद्दल वैद्यकाचं मत शंभर वर्षांत पुरतं फिरलं. 1870 च्या दशकात अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव देणारे लंडनचे डॉक्टर विल्यम गल नेमाने खाऊ घाला असं सांगत, पण शुश्रूषेसाठी नातेवाईक सर्वांत वाईट, असंही त्यांचं मत होतं. त्याच लंडनमधल्या मॉड्सली रुग्णालयाच्या मंडळींनी 1980 च्या दशकात आईवडिलांनाच उपचाराच्या मध्यभागी आणलं. त्यांच्या पद्धतीत सुरुवातीच्याच एका बैठकीला कुटुंब घरून डबा घेऊन येतं. सगळे तिथेच जेवायला बसतात, मुलगी ताट सरकवते, आणि आरडाओरडा किंवा गयावया न करता तिला आणखी एक घास कसा घ्यायला लावायचा, हे आईवडील तज्ज्ञासमोर बसून शिकतात. तो डबा आणि ती बैठक पुढच्या लेखांकात.